हार्डहोम: लढाईपेक्षा आधीची बैठक जास्त अंगावर येते

गवतीचहा

(आठही सीझनमधल्या घटनांचा उल्लेख येणार आहे. गेम ऑफ थ्रोन्स बघायची राहिली असेल तर इथूनच परत फिरा. खरंच सांगते, कुणाचा तरी धागा वाचून हा भाग कळावा असा तो नाही.)

मालिका पुन्हा पहिल्यापासून बघतेय आणि काल रात्री पाचव्या सीझनचा आठवा भाग झाला. हार्डहोम. काय होणार ते माहीत होतं, कोण मरणार ते माहीत होतं, आणि तरीही मेलेल्यांना उठवणारा नाइट किंग लाकडी धक्क्यावर चालत येऊन दोन्ही हात हळूहळू वर करतो तेव्हा पोटात गोळा आला. त्यानंतर झोप लागेना म्हणून तोच भाग मधूनच पुन्हा लावला. लढाई लावली नाही, लढाईच्या आधीची झोपडीतली बैठक लावली. आणि मला वाटतं या भागाचं सगळं बळ तिथे आहे.

या भागाबद्दल बोलताना सगळे त्या शेवटच्या वीसेक मिनिटांबद्दल बोलतात. कड्यावरून धबधब्यासारखी कोसळणारी प्रेतं, जॉन स्नोची तलवार, महाकाय वुन वुन. ते सगळं जबरदस्त आहेच. पण नुसती लढाई बघून मी कधी एवढी हलत नाही.

आठवा, बैठकीत काय होतं. भिंत राखणाऱ्या नाइट्स वॉचचा सेनापती जॉन, सिंहासनाचा दावेदार स्टॅनिसकडून जहाजं मागून आणतो, किनाऱ्यावर उतरतो आणि समोर उभे असलेले सगळे त्याचे पिढीजात शत्रू, भिंतीपलीकडचे वाइल्डलिंग. त्यांच्यातला लॉर्ड ऑफ बोन्स जॉनसोबत आलेल्या वाइल्डलिंग टोरमंडला टोमणे मारतो, टोरमंड त्याच्याच काठीने त्याला तिथल्या तिथे ठेचतो आणि म्हणतो, जाणत्या मंडळींना गोळा करा, बोलायचंय. मग ती झोपडी. जॉन गोड बोलत नाही. तुमच्या राजाला, मॅन्सला, बाण मी मारला, असं भर सभेत सांगून टाकतो. झोपडीत आरडाओरडा होतो, लोक अंगावर धावून येतात, आणि टोरमंडला मध्ये पडून सांगावं लागतं की स्टॅनिस मॅन्सला जिवंत जाळत होता, तो बाण दयेचा होता. कार्सी ही टोळीप्रमुख म्हणते, कावळ्यासोबत (वॉचच्या माणसांना ते कावळे म्हणतात) मी भाकरी मोडली तर माझे पूर्वज माझ्यावर थुंकतील. जॉन म्हणतो, माझेही थुंकतील. ती सांगते की बाप, काका, भाऊ या लोकांशी लढताना गेले. तो तिला 'विसरून जा' म्हणत नाही. माझेही पन्नास भाऊ एका रात्रीत गेले, मी ते विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका, फक्त पोरांचा विचार करा, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि थेन लोकांचा म्होरक्या लोबोडा सरळ नाही म्हणतो. जहाजात बसलात की हे तुमचे गळे कापून समुद्रात टाकतील, असं त्याचं मत. मला तो मूर्ख वाटत नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. शतकानुशतकं ज्यांनी तुमची माणसं मारली, ते एका सकाळी होड्या घेऊन आले म्हणून लगेच बसायचं?

हे सगळं इतक्या सावकाश, इतक्या नीट दाखवलंय की काही मिनिटांत आपल्याला त्या झोपडीतल्या माणसांचे स्वभाव कळतात. कोण ऐकणारं, कोण आडमुठं, कोण आतून डळमळलेलं. होड्या भरायला लागतात, निम्म्याहून जास्त लोक किनाऱ्यावरच राहतात, आणि टोरमंड जॉनला समजावतो की मॅन्सलाही या सगळ्यांना एकत्र आणायला वीस वर्षं लागली होती, अन्न संपलं की येतील. म्हणजे वेळ मिळाला असता तर बैठक यशस्वी झाली असती! नेमका वेळच नाही. कुत्री भुंकायला लागतात, कड्यावरून धुकं उतरतं, आणि 'नाही' म्हणणाऱ्या लोबोडालाच कुंपणाचं दार बंद करायचा हुकूम द्यावा लागतो. बाहेर राहिलेली त्याची स्वतःची माणसं दारावर धडका देतात.

शेवटी किनाऱ्यावर निळे डोळे उघडतात तेव्हा ते 'सैन्य' वाटत नाही. थोड्या वेळापूर्वी आपण ज्यांचं बोलणं ऐकलं ती माणसं उठून उभी राहतात. जॉनला जे पटवता आलं नाही, ते नाइट किंगने एक शब्द न बोलता करून घेतलं. त्याला कुणाची संमती लागत नाही. मला या मालिकेतला हा सगळ्यात भयंकर विचार वाटतो.

तुम्हाला काय वाटतं? कुणाला बैठक कंटाळवाणी वाटली असेल तर तेही ऐकायला आवडेल.

तिसरा_मजला

एकदम मान्य, पण तलवारीच्या क्षणावर तुम्ही एका वाक्यात उरकलंत, हे काही बरोबर नाही!

२०१५ मधली सोमवारची सकाळ आहे ती. अमेरिकेत रविवारी रात्री ९ ला लागायचं, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. ज्यांनी ऑफिसला जायच्या आधी बघितलं ते दिवसभर गप्प बसलेले, आणि ज्यांना संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं ते व्हॉट्सअॅप बंद करून बसलेले.

तोवर व्हाइट वॉकरांना, म्हणजे नाइट किंगच्या बर्फाळ योद्ध्यांना, मारणारी फक्त ड्रॅगनग्लास आपल्याला माहीत होती. तिसऱ्या सीझनमध्ये जॉनचा मित्र सॅमने त्यानेच एका व्हाइट वॉकरला मारलं होतं. म्हणून जॉन आणि लोबोडा ड्रॅगनग्लासची पिशवी आणायला झोपडीत धावतात. आत व्हाइट वॉकर येतो आणि त्याच्या पावलागणिक आजूबाजूची आग विझत जाते. लोबोडाच्या कुऱ्हाडीचे तुकडे होतात. जॉनला तो भिंतीवर फेकतो. मग जॉनच्या हाती त्याची तलवार लाँगक्लॉ येते, तो वार अडवतो आणि तलवार फुटत नाही. त्या सेकंदाला दोघांच्याही चेहऱ्यावर आश्चर्य आहे. व्हाइट वॉकरच्या चेहऱ्यावर भाव असा आपण पहिल्यांदाच बघतो. आणि ही तलवार पहिल्या सीझनमध्ये वॉचचा तेव्हाचा सेनापती जिओर मॉरमाँटने दिलेली, तीही जॉनने त्याला एका उठलेल्या मढ्यापासून वाचवलं म्हणून. पाच वर्षं ती कमरेला लटकत होती आणि ती काय करू शकते हे कुणालाच माहीत नव्हतं.

एक गंमत सांगतो. त्या व्हाइट वॉकरच्या मेकअपखाली व्लादिमिर फुर्दिक होता. सहाव्या सीझनपासून नाइट किंग झाला तोच. हार्डहोममधला नाइट किंग रिचर्ड ब्रेक.

रायवळ

पुस्तकं वाचलेल्यांसाठी हा भाग वेगळ्याच कारणाने धक्कादायक होता. रेड वेडिंगच्या कत्तलीच्या वेळी आम्ही शांत बसून बाकीच्यांचे चेहरे बघत होतो, कारण आम्हाला सगळं ठाऊक होतं. हार्डहोमला आम्ही आणि तुम्ही एका पातळीवर आलो.

२०११ च्या 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'मध्ये जॉन हार्डहोमला जातच नाही. मदर मोल नावाच्या म्हातारीच्या भाकितावर विश्वास ठेवून हजारो लोक तिथे जमतात, वॉचची जहाजं जातात, आणि मग तिथे गेलेल्या कॉटर पाइकचं पत्र येतं. रानात मेलेले, पाण्यात मेलेले. बस. एवढंच. जॉन जायची तयारी करतो आणि निघण्याआधीच त्याच्यावर सुरे चालतात.

ते पत्र वाचताना जे काही डोक्यात आलं होतं त्याची भीती मला आजही जास्त वाटते, हे सांगायलाच हवं. न दाखवलेलं हार्डहोम. पण पडद्यावर पत्राने भागलं नसतं, आणि दाखवायचंच होतं तर याहून चांगलं दाखवता आलं असतं असं मला वाटत नाही. दिग्दर्शक मिगेल सापोचनिकचं मालिकेतलं हे पहिलंच वर्ष होतं, हे विशेष.

पानगळ

गवतीचहा, सगळं मान्य, पण मला कार्सीचं जे केलं ते आजही खुपतं.

बाई एवढी खणखणीत उभी केली. बिर्गिटा योर्ट सोरेनसेनने काम असं केलंय की चार-पाच प्रसंगांत ती वर्षानुवर्षांची ओळखीची वाटते. आणि मग काय, तर मुलींना होडीत बसवते, मी मागोमाग येतेच म्हणते, आणि हे वाक्य ऐकल्यावर आपल्याला कळतंच की ही जगणार नाही. शेवटी समोर मेलेली पोरं येतात, तिचा हात उठत नाही, संपलं. म्हणजे बाई लढवय्यी असली तरी शेवटी आई म्हणूनच मरणार. पुरुष पात्राला असं थिजवलं असतं का त्यांनी? टोरमंडला? मला तो भाग रडवतो, पण रडवून घेतल्याचा रागही येतो.

गवतीचहा

पानगळ, तुझा राग समजतो, आणि 'मी मागोमाग येतेच' हे वाक्य जरा सोपं आहे हेही खरं. पण मला तिचं मरण बैठकीशी जोडलेलं दिसतं.

जॉनने तिला कशाने पटवलं? पोरांचा विचार करा, एवढ्या एका वाक्याने. सभेत सगळ्यात आधी तिलाच ते पटतं, ती बाकीच्यांना वळवते, तिच्या शब्दावर लोक होड्यांकडे जातात. म्हणजे जे वाक्य तिला वाचवायला आलं होतं, त्यानेच शेवटी तिचा हात धरला. समोरची पोरं तिची नव्हती, तिच्या दोघी होडीत सुखरूप होत्या. तरी ती पोरंच होती, आणि बहुतेक त्याच किनाऱ्यावर खेळलेली. तिने जो विचार करून आपल्या शत्रूवर विश्वास ठेवला, तो विचार मेलेल्यांच्या बाजूला नाही. तिच्या जागी टोरमंड असता तर ते नुसतं दुःखद झालं असतं. ती होती म्हणून सबंध बैठकीचा अर्थ तिथे उलटला.

आणि पुढे तीच डोळे उघडून उठते. तिच्याऐवजी एखादा अनोळखी चेहरा उठला असता तर जॉन होडीतून नुसता बघत राहिला असता का? त्याने तिला शब्द दिला होता.

मावळतीकडचा

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही अजून, म्हणून लिहितो.

हा भाग टीव्हीच्या स्पीकरवर बघितला असेल तर एकदा चांगले हेडफोन लावून बघा. दार बंद केल्यावर बाहेरची माणसं किंचाळतायत, लाकडावर हात आपटतायत, धुकं दाराशी येतं आणि आवाज एकदम थांबतो. सगळ्यांचा, एकाच क्षणी. लोबोडा फटीतून बघायला जातो ते काही सेकंद माझ्या मते लढाईपेक्षा वाईट आहेत, कारण बाहेर काय झालं ते आपल्याला कानांनी आधीच कळलंय.

आणि शेवट. रामिन जवादीसारखा संगीतकार हाताशी असताना हात वर होण्याच्या प्रसंगाला संगीत नाही. नामावली सुरू होते, नेहमीची धून नाही. वारा आणि पाणी. एखाद्याला मोह आवरला नसता, तिथे मोठा वाद्यवृंद वाजवला असता. २०१५ मध्ये मालिकेला विक्रमी १२ एमी मिळाले, त्यातला ध्वनिमिश्रणाचा याच भागासाठी होता. मला तो त्या वर्षीचा सगळ्यात योग्य पुरस्कार वाटतो.

कोकणकडा

आमच्याकडे सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यातही वेताळ, बेताळ म्हणतात, तो भुतांचा राजा. रात्री गावाच्या वेशीवरून फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, चालून चालून झिजतात म्हणून. लहानपणी अमावास्येला वेताळाच्या मिरवणुकीच्या गोष्टी ऐकल्या की अंगणात पाय ठेवायची हिंमत व्हायची नाही.

पण आमचा वेताळ राखणदार आहे. त्याच्यामागे भुतांची फौज असली तरी ती गावाबाहेरच्यांसाठी. त्याच्याशी बोलता येतं, गाऱ्हाणं घालता येतं, तो मागतो आणि देतो. नाइट किंगकडे बघताना मला नेहमी हाच फरक टोचतो. त्याला काय हवंय ते विचारायची सोय नाही. कौल लावायला देवच नाही समोर. गवतीचहा, तुम्ही संमतीचं जे लिहिलंय ते वाचून हे आठवलं.

उत्तररात्र

जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

थरार म्हणाल तर मी बॅटल ऑफ द बास्टर्ड्सला वर ठेवेन. तोच सापोचनिक, सहावा सीझन, २०१६. ५०० माणसं, ७० घोडे, २५ दिवस चित्रीकरण. प्रेतांच्या ढिगाखाली जॉन गुदमरतो तो शॉट पाहून मी स्वतः श्वास धरून बसलो होतो. दिग्दर्शनाचा एमी त्यालाच मिळाला.

आणि बैठकीच्या मुद्द्याला एक अडचण आहे. आठव्या सीझनचा दुसरा भाग म्हणजे संपूर्ण बैठकच. शेकोटीभोवती सगळी आवडती माणसं, ब्रिएनला नाइट करतात, पॉड्रिक गातो. मग पुढच्या द लाँग नाइटमध्ये हार्डहोमसारखा धसका का बसत नाही? तोच दिग्दर्शक, तोच छायाचित्रकार फेबियन वॅग्नर, ८२ मिनिटं, ५५ रात्री चित्रीकरण. नाइट किंग तिथेही हात वर करतो, आणि एड, लियाना मॉरमाँट अशी आपली माणसं उठतात. तुमच्या हिशेबाने ते जास्त भिडायला हवं होतं.

गवतीचहा

राग कसला, हाच प्रश्न हवा होता!

मला वाटतं फरक बैठकीच्या जातीत आहे. विंटरफेलच्या शेकोटीभोवती सगळे आधीच एका बाजूला आहेत. तो निरोपसमारंभ आहे, सुंदर आहे, माझा अतिशय आवडता भाग आहे तो. पण तिथे ठरायचं काही उरलेलं नाही. हार्डहोमच्या झोपडीत प्रत्येक माणसाचं जगणं-मरणं त्याच्या 'हो' किंवा 'नाही'वर आहे, आणि 'नाही' म्हणणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. त्यामुळे पुढे जो मरतो तो स्वतःच्या निर्णयासकट मरतो. लोबोडाचं बघा ना. जॉनला नकार देणारा तोच, पण ड्रॅगनग्लास आणायला झोपडीत जॉनसोबत धावणाराही तोच. त्या दोघांची नजरानजर होते, बोलणं नाही. तिथे त्याने 'हो' म्हटलेलं असतं, फक्त उशिरा.

दुसरं म्हणजे द लाँग नाइटच्या शेवटी आर्याच्या सुरीने सगळं तिथेच मिटतं. एड उठला ते मला लागलंच, कारण हार्डहोमहून जॉनसोबत होडीत सुटलेल्यांपैकी तो एक. पण काही वेळात सगळी प्रेतं कोसळतात आणि सकाळ होते. हार्डहोममध्ये ती प्रेतं तशीच उभी राहतात. चार वर्षं आपण त्यांना डोक्यात घेऊन फिरलो.

बास्टर्ड्सबद्दल वाद घालत नाही. ते दोन माणसांचं वैर आहे आणि त्यात ते सर्वोत्तम आहे. हार्डहोम बघितल्यावर मात्र असं वाटतं की विंटरफेल कुणाचं, हा प्रश्नच किती लहान आहे. याच भागाच्या पहिल्या अर्ध्यात डेनेरिस टिरियनला चाक मोडायची भाषा ऐकवते, सर्सी कोठडीत फरशीवरचं पाणी चाटते. सगळं सिंहासनाचं राजकारण. आणि मग धुकं उतरतं.

दर्यावर्दी

बेलफास्टहून लिहितेय. हार्डहोमचं चित्रीकरण इथून जवळच, लार्नच्या वाटेवरच्या मॅघरामॉर्न नावाच्या जुन्या चुनखडीच्या खाणीत झालं. कॅसल ब्लॅक या वॉचच्या किल्ल्याचा सेटही त्याच खाणीत होता. म्हणजे भिंतीच्या अलीकडचे कावळे आणि पलीकडचे वाइल्डलिंग, ज्यांनी एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या मारलं, ते खरं तर एकाच खड्ड्यात होते! गवतीचहाचा मुद्दा वाचल्यावर मला हे फार बरोबर वाटलं.

बॅनब्रिजला २०२२ पासून मालिकेचा स्टुडिओ टूर आहे, तिथे मूळ सेट, पोशाख, शस्त्रं बघायला मिळतात. इकडे कुणी येणार असेल तर अर्धा दिवस मोकळा ठेवा, तासाभरात होत नाही.

पानगळ

कार्सीबद्दल तुझं उत्तर दोनदा वाचलं. पूर्ण पटलं नाही, पण 'जे वाक्य तिला वाचवायला आलं होतं' हे डोक्यात राहिलंय. विचार करतेय.

पण बैठकच म्हणतेस तर याच भागात आणखी एक आहे, ती सगळे विसरतात. कॅसल ब्लॅकमध्ये जॉनच्या हाताखालचा पोरगा ऑली सॅमला जेवण आणून देतो आणि विचारतो, जॉन हे का करतोय? ऑलीचं गाव वाइल्डलिंगांनी जाळलं, आईबाप डोळ्यांदेखत गेले. त्या टोळीत टोरमंड होता, थेन लोक होते. कार्सीचा जो प्रश्न तोच या पोराचा. जॉन हार्डहोमला अनोळखी लोकांसमोर उभा राहून उत्तर देतो, आणि स्वतःच्या घरातल्या पोराला उत्तर द्यायचं काम सॅमवर पडतं. सॅम मनापासून सांगतो की कधीकधी माणसाला अवघड निर्णय घ्यावे लागतात, इतरांना ते चुकीचे वाटले तरी. दोन भागांनंतर ऑली नेमकं तेच करतो, जॉनवर सुरी चालवून.

गवतीचहा

पानगळ, हे फार मोलाचं आहे.

आणि जॉन हार्डहोमला जे बोलला, तुमचे मेलेले विसरू नका, तेच ऑलीने केलं. तो विसरला नाही. फरक एवढाच की किनाऱ्यावरच्या लोकांनी धुक्यातून काय येतं ते डोळ्यांनी पाहिलं. ऑली कॅसल ब्लॅकमध्ये होता. त्याला दिसले ते दरवाज्यातून आत येणारे टोरमंड आणि त्याची माणसं, जॉनच्या शेजारून चालत. कुणीतरी त्या पोराला समोर बसवून हार्डहोमची रात्र सांगायला हवी होती, आणि ते काम सॅमचं नव्हतं, जॉनचं होतं. त्याच बोलण्यात सॅम असंही म्हणतो की जॉन नेहमी परत येतो, काळजी करू नकोस. ऑलीला नेमकी त्याचीच काळजी होती.

नववा आणि दहावा भाग शनिवारी एकदम बघणार आहे. ऑलीवर वेगळा धागा हवा, त्याच्याबद्दल लोकांनी नुसत्या शिव्या घातल्यात आजवर. पानगळ, तू काढतेस का? मुद्दा तुझा आहे. मी तिथे येऊन लिहीनच.